नाका पुन्हा नांदता करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या नाक्यावरचा चौक नव्याने बांधून तीन पावसाळे उलटले. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून आणि मुंबईत राहणाऱ्या गाववाल्यांकडून फोन, निरोप, फोटो येत असतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. रायगड आणि सिंधुदुर्गात शब्द बदलतील, पाऊस आणि खारा वारा मात्र तोच.

१. आमच्या चौकाचं एकदा सुशोभीकरण झालंय. तरी तिथे काळं कुत्रं फिरकत नाही. आता आणखी काय करायचं?

सुशोभीकरण बघण्यासाठी केलेलं असतं आणि चौक लागतो वापरायला. आमच्याकडेही आधी एकदा ते झालं होतं. मधोमध कारंजं, भोवती हिरवळ, हिरवळीला ग्रिल आणि ग्रिलच्या फाटकाला कुलूप. दुसऱ्या पावसाळ्यात कारंज्याची मोटर गेली, हिरवळीत रान माजलं आणि लोक ग्रिलच्या बाहेर, गटाराच्या कठड्यावर बसू लागले. त्या कठड्यावरून शिकण्यासारखं बरंच होतं. वडापावची गाडी, येणारी एसटी आणि सावली ही तिन्ही तिथून जवळ होती. चौक सुधारायचा असेल तर आधी लोक आज कुठे टेकतात ते बघा. नवीन काम त्या जागेभोवती उभं करा, तिच्याकडे पाठ करून नको.

२. सुरुवात कुठून करायची? आधी आर्किटेक्ट गाठायचा का?

आधी आठवडाभर नुसतं बघा. पहाटेची पहिली एसटी, सकाळी अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात अशा चार वेळा ठरवा आणि प्रत्येक वेळी वीस मिनिटं थांबून वहीत लिहा: किती माणसं, त्यांत बायका किती, म्हातारी माणसं किती, मुलं किती, कोण उभं, कोण बसलंय, सावली कुठवर आली. आठवडा बाजाराचा दिवस त्यात यायलाच हवा. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट या अभ्यासकाने कॅमेरे लावून तिथल्या छोट्या चौकांचं असंच निरीक्षण केलं होतं. लोक कारंज्यापेक्षा बसायच्या सोयीकडे अधिक ओढले जातात, आणि हलवता येणारी खुर्ची मिळाली तर ती इंचभर का होईना सरकवूनच बसतात, हे त्यांना दिसलं. आमच्याही वहीत पहिल्या दोन दिवसांतच काही गोष्टी उघड झाल्या. दुपारी चौकात कोणी नव्हतं, कारण सावली समोरच्या दुकानांच्या पडव्यांत होती.

यानंतर एक चाचणी घ्या. दोन शनिवार-रविवार सुंभाने जागा आखायची, दहा प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या आणि वर ताडपत्री बांधायची. खर्च जवळजवळ नाही. आराखडा काढणाऱ्याला बोलवाल तेव्हा हातात ही वही असली की तो तुमच्या गावासाठी काढेल, नाहीतर आधीच्या गावाचाच कागद पुढे सरकवेल.

३. जागा नक्की कोणाची हे कसं कळणार? सगळे म्हणतात सरकारी आहे.

सगळे म्हणतात म्हणून ती सरकारी होत नाही. सातबारा काढा. गावठाणात किंवा शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका काढा. रस्ता कोणाचा तेही विचारा: ग्रामपंचायत, नगर परिषद, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम की राष्ट्रीय महामार्ग. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या आणि मगच चिरा उतरवा.

कोकणात खरी अडचण वेगळीच निघते. कोपऱ्यातला तुकडा एखाद्या घराण्याचा सामायिक असतो, सातबाऱ्यावर पणजोबांच्या काळातली नावं असतात आणि वारस बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेले असतात. त्यांची लेखी संमती मिळवायला गणपतीचे दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा सगळे एका छपराखाली असतात. तोंडी “करा हो, आमचं काही नाही” यावर काम सुरू करू नका. पुढच्या पिढीतला कोणीतरी नोटीस पाठवतो.

४. परवानगी कोणाची लागते आणि काम कधी काढावं?

ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखांना ग्रामसभा होतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा होते. तिथे विषय आधी मांडा, कारण बायकांच्या सूचना त्या सभेत मोकळेपणाने येतात (प्रश्न १२ पाहा). नगर परिषद किंवा नगर पंचायत असेल तर मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज करा, प्रभागाच्या नगरसेवकांना सोबत घ्या आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या.

आमचा अनुभव सांगतो. चर्चा १ मेच्या सभेत करावी, कारण सुट्टीला आलेली मंडळी गावात असतात. ठराव उशिरात उशिरा २ ऑक्टोबरला. काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवावं. मेच्या शेवटच्या आठवड्यात ओतलेलं काँक्रीट वळवाच्या सरीत धुऊन निघतं, आणि अर्धवट खणलेला चौक चार महिने तसाच राहतो. मध्ये शिमगा येतो, त्याचा विचार प्रश्न ११ मध्ये आहे.

५. पहिल्याच पावसात चौकात तळं होतं. यावर कायमचा उपाय काय?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ आणि पैसा घालवा असं मी प्रत्येकाला सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. ३० फूट बाय ४० फुटांचा छोटा चौक धरला तर वर्षाला त्याच्यावर सव्वातीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. एका दिवसात १०० मिलिमीटर झाला, आणि तो इकडे काही विशेष नाही, तर अकरा हजार लिटर. यात वरच्या आळीतून, छपरांच्या पागोळ्यांतून आणि डांबरी रस्त्यावरून वाहत येणारं पाणी धरलेलं नाही.

म्हणून जुलैत मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन चौकात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे जायला बघतं, याचे फोटो काढा. आराखड्यातला पहिला कागद हाच. गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाला विचारा, पूर्वीचा पऱ्या, म्हणजे ओढा, कुठून जात होता. आमच्याकडे तो जुना पऱ्या बुजवून त्यावर टपऱ्या आणि रस्ता झाला होता, आणि पाणी इतकी वर्षं आपली जुनी वाट शोधत होतं. पाइप टाकून ती वाट मोकळी केल्यावर तळं व्हायचं थांबलं.

बाकीचे नियम सोपे आहेत. जमिनीला दर दहा फुटांना दोन इंच उतार द्या. चौक रस्त्यापेक्षा थोडा वर ठेवा. डांबराचे थर दर काही वर्षांनी चढत जातात, त्याचीही बेगमी ठेवा. गटार उघडं नको आणि कायमचं बंदही नको. वर जाळीची किंवा दोन माणसांना उचलता येईल अशी झाकणं हवीत, नाहीतर गाळ निघत नाही. साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोचा ताप (लेप्टोस्पायरोसिस) पसरतो, त्यामुळे ही बाब फक्त सोयीची नाही.

६. पेव्हर ब्लॉक घालावेत की जांभा?

दोन्ही, आपापल्या जागी. जांभ्याचा चिरा कट्ट्याला, गडग्याला (सिमेंटशिवाय रचलेल्या कुंपणभिंतीला), कडेला उत्तम. जमिनीवर सरसकट घातला तर तो झिजतो आणि ऑगस्टपर्यंत त्यावर शेवाळ धरतं. पाखाडी (चिऱ्यांची उतरती पायवाट) उतरताना पाय घसरलेला प्रत्येकजण हे जाणतो. पेव्हर ब्लॉकचा फायदा असा की नळाची लाइन फुटली तर ते उचलून परत बसवता येतात. पण कडेला भक्कम चिऱ्याची किंवा काँक्रीटची पट्टी नसेल तर खालची वाळू पावसात वाहून जाते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. चकचकीत लादी आणि पॉलिश केलेला कडाप्पा पायाखाली कधीही नको. फुकट मिळाली तरी नको.

७. बाक चांगले की कट्टा?

आधी कट्टा. उंची सोळा ते अठरा इंच, खोली अठरा इंच, वरची बाजू खरखरीत आणि बाहेरच्या अंगाला किंचित उतरती, म्हणजे पाणी थांबत नाही. लोखंडी बाक खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत गंजतात. घ्यायचेच असतील तर गरम जस्ताचा मुलामा दिलेले घ्या आणि पाय जमिनीत पुरण्याऐवजी चिऱ्यावर बसवा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र कट्ट्यावरून उठताना हाताला आधार लागतो, म्हणून निदान चार जागा पाठ आणि हात असलेल्या हव्यातच.

बसणाऱ्याचं तोंड रस्त्याकडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे असू दे. फुलझाडांच्या वाफ्याकडे तोंड करून कोणी दहा मिनिटंही बसत नाही. चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी यांच्यासाठी उतार १:१२ ठेवा, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी, आणि रुंदी चार फूट. दुकानांसमोरच्या उतारांसारखा तीव्र केला तर तो दिखाव्यापुरता उरतो.

८. कोणती झाडं लावू? आणि आहे त्या पिंपळाला नवा पार बांधला तर चालेल ना?

पार बांधा, पण झाडाचा जीव ठेवून. मोठ्या झाडाभोवती काँक्रीट थेट खोडाला भिडवतात, वर लादी लावतात, आत मातीचा भराव टाकतात. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, भरावाखाली खोड कुजतं आणि काही वर्षांत वाऱ्याने झाड आडवं होतं. खोडापासून निदान मीटरभर माती उघडी ठेवा, मातीची पातळी चढवू नका आणि पाराचा पाया खणताना जाड मुळं तोडू नका. चिरे सिमेंटशिवाय, गडग्यासारखे रचले तर पाणीही झिरपतं.

नवीन लावताना ३ जून २०२० आठवा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या बागा झोपल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. गुलमोहर लवकर वाढतो आणि फुलतोही सुंदर, पण त्याची फांदी ठिसूळ. बसायच्या जागेवर माड नकोच, नारळ आणि झावळी पडताना कोणाला विचारत नाहीत. किनाऱ्यालगत उंडी, करंज, भेंड ही खाऱ्या वाऱ्याची झाडं टिकतात. आत थोडं आडोशाला बकुळ. आमच्याकडे तिला ओवळ म्हणतात, आणि ओवळीची फुलं वेचायला पहाटे येणाऱ्या मुली हा चौकाला मिळालेला सर्वांत सुंदर वापर आहे. सुरंगी फार सावकाश वाढते, तरी एक लावाच. ती आपल्या नातवंडांसाठी.

शहरी हद्दीत झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज वृक्ष धरली जातात. खरं तर आराखडा झाडाभोवती वळवा. परवानगीची वेळच येऊ नये.

९. मासळीवाल्या मावश्या चौकातच बसतात. वास येतो म्हणून तक्रारी आहेत. त्यांना हलवायचं का?

नाही. चौकात सकाळी आणि तिन्हीसांजेला जी जाग असते ती त्यांच्यामुळेच. त्या पाठीमागच्या गल्लीत गेल्या तर गिऱ्हाईकही जाईल आणि तुमचा सुधारलेला चौक ओस पडेल. वासाचं मूळ मासळीत कमी आणि साचलेल्या पाण्यात जास्त असतं. उतार असलेला ओटा, जवळ नळ, ओट्याखालून जाणारी पन्हळ, खवले आणि आतडी अडवणारी जाळी, वर छप्पर एवढं केलंत तर वास निम्म्याहून कमी होतो. ओट्याची उंची त्यांनाच विचारा. आमचा पहिला ओटा उभ्याने विकायच्या हिशेबाने बांधला आणि त्या खाली बसून विकतात. तो तोडून पुन्हा बांधावा लागला.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ओट्यांवर सुकी मासळी असते, आणि उरलेली जागा टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या घेऊन येणाऱ्या बायकांना द्या. नगर परिषद हद्दीत २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्यांना उठवता येत नाही.

१०. रिक्षा आणि दुचाकी लावायलाच जागा पुरत नाही. चौक कुठून आणायचा?

रिक्षावाल्यांना पहिल्या बैठकीला बोलवा. रात्री-अपरात्री चौकात जागी असणारी तीच माणसं, त्यामुळे ते विरोधात गेले तर काहीच टिकत नाही. आमच्याकडे रिक्षा आडव्याऐवजी एका रांगेत लावल्यावर मधली जागा मोकळी झाली, आणि मोबदल्यात त्यांना छप्पर मिळालं. दुचाकींसाठी कडेचा पट्टा ठरवा आणि बाकी ठिकाणी कमरेपेक्षा कमी उंचीचे चिऱ्याचे खुंट चार-चार फुटांवर लावा. माणूस आणि चाकाची खुर्ची जाते, मोटरसायकलही जाईल, पण चारचाकी नाही. मोटरसायकलला पाटी अडवत नाही, बसलेली माणसं अडवतात.

११. आमच्या चौकातच सहाण (पालखी टेकवायची जागा) आहे. शिमग्याला पालखी बसते, होम लागतो. तिथे बांधकाम चालेल का?

सहाणेला हात लावायचा तर आधी मानकरी आणि गावकरी बसू द्यात. पालखी कुठून येते, कुठे नाचते, होळीचं झाड कुठून आडवं आणतात, नमन-खेळे कुठे उभे राहतात, हे सगळं जमिनीवर चुन्याने आखून घ्या. त्या रेषांच्या आत कायमचं काही नको: दिव्याचा खांब नको, कुंडी नको, कट्ट्याचा कोपराही नको. होमाची जागा मातीचीच ठेवा, पेव्हर आगीने तडकतात. वर्षाचे उरलेले दिवस ही मोकळी माती मुलांना क्रिकेटला मिळते. सिंधुदुर्गात मांड (गावच्या उत्सवाची जागा) असेल आणि दशावतार होत असेल तर विजेचं एक बंद पेटीतलं कनेक्शन आधीच काढून ठेवा. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे. ठरावीक सणांना राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्या.

१२. बायका चौकात थांबतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कोपरा करावा का?

वेगळा कोपरा केलात तर बाकीचा चौक पुरुषांचा हे आपणच मान्य केल्यासारखं होईल. मी स्वतः पंचवीस वर्षं या नाक्यावरून मान खाली घालून घाईने गेले आहे. थांबायला कारण नव्हतं आणि थांबलं तर चार नजरा वळायच्या. महिला सभेत बायकांनी मागितलं ते असं: स्वच्छ आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह, त्याचं दार रस्त्यावरून दिसेल असं पण आतलं दिसणार नाही असं, एसटीची वाट बघायला छप्पर, आणि चेहरा ओळखू येईल असा उजेड. उंच हायमास्टखाली डोळे दिपतात आणि झाडाखाली अंधार राहतो. त्यापेक्षा बारा-चौदा फुटांचे चार खांब आणि पिवळसर दिवे बरे. स्वच्छतागृह झालं आणि बाजारातून परतणाऱ्या बायका थांबू लागल्या. पहिल्यांदा दोघी-तिघी, पिशव्या मांडीवर घेऊन. आता सहाच्या सुमाराला पश्चिमेचा कट्टा त्यांचाच असतो.

१३. चांगले कट्टे केले तर दारू पिणारे येऊन बसतील, त्याचं काय?

ते आजही बसतात, फक्त अंधारात. आडोसा काढा, उजेड द्या, एक चहाची टपरी रात्री नऊपर्यंत चालू राहील असं बघा. कट्टाच काढून टाकला तर पहिली जागा आजोबांची जाते.

१४. चौकात पुतळा किंवा छोटं मंदिर उभारावं अशी मागणी आहे.

मागणीमागची भावना खरी असते, पण सार्वजनिक जागेवर नवं प्रार्थनास्थळ उभारायला सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने मनाई केली आहे, आणि रस्ते-पदपथांवर पुतळ्याला परवानगी देऊ नये असं जानेवारी २०१३ मध्ये सांगितलं आहे. हे सभेत पहिल्याच दिवशी वाचून दाखवा, म्हणजे पुढे माणसं एकमेकांविरुद्ध उभी राहत नाहीत.

१५. चौकापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्राचे नियम) आड येईल का?

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे नियम लागतात, खाडीकाठी अंतर कमी असतं. जिल्ह्याच्या मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर जागा दाखवून लेखी अभिप्राय घ्या. एक गोष्ट मात्र नियमापलीकडची. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि प्रखर दिव्यामुळे समुद्राऐवजी रस्त्याकडे वळतात. किनाऱ्यालगतच्या चौकात दिव्यांना समुद्राच्या बाजूने आडोसा हवाच, आणि विणीच्या मोसमात ते मंद ठेवा.

१६. पैसा कुठून येतो?

काम तुकड्यांत पाडा. गटार, नळ आणि स्वच्छतागृह पाणी-स्वच्छतेच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच मिळणाऱ्या) निधीतून मागता येतं, बाकीचं अबंधित निधी, आमदार निधी किंवा जिल्हा नियोजनातून. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात यावं लागतं. वर्गणी घ्यायची तर ती झाडं आणि बाकांपुरती, पावती देऊन. बांधकामाला वर्गणी घेतली की मालकीचे वाद सुरू होतात. बाकावर देणगीदाराचं नाव चालेल, पाठीवर जाहिरात नको.

१७. पार देवस्थानाचा आहे आणि काही वाड्यांतल्या लोकांना तिथे बसू देत नाहीत. आम्ही यात पडावं का?

पडावं. सार्वजनिक पैसा लागणार असेल तर यावर तडजोड नाही. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांबाबत जातीवरून मज्जाव करता येणार नाही असं स्पष्ट आहे. आणि आपण कुठे राहतो हे विसरू नये. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायले ते याच कोकणात. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने आधीच केला होता. कागदावर खुलं आणि प्रत्यक्षात बंद, हेच तर तिथे होतं. म्हणून ठराव करून थांबू नका. बैठकाच त्या वाडीत घ्या, समितीत तिथली माणसं घ्या, आणि एसटीचा थांबा, नळ, कट्टा अशा सर्वांच्या गरजेच्या गोष्टी पाराला लागून आणा. देवस्थान जागा सार्वजनिक करायला तयार नसेल तर सरकारी पैसा त्या पारावर खर्च करू नका. समोरच्या बाजूला नवा कट्टा बांधा.

१८. देखभाल कोण करणार?

नावानिशी ठरवा. झाडू आणि कचरा पंचायतीकडे, कुलूप-किल्ल्या टपरीवाल्याकडे, झाडांना पाणी पहिले तीन उन्हाळे शाळेकडे. मेच्या शेवटी गटाराचा गाळ काढणं आणि ऑगस्टमध्ये शेवाळ घासणं या दोन तारखा ठरावातच लिहा.

१९. गावात माणसंच उरली नाहीत. गणपती, शिमगा सोडला तर चौक वापरणार कोण?

हा प्रश्न बहुधा मुंबईहून येतो आणि विचारणाऱ्याचा आवाज जड झालेला असतो. उरलीत ती माणसं मोजा. आमच्या वहीत ऑक्टोबरातल्या एका साध्या मंगळवारी दिवसभरात एकशे चाळीस माणसं नोंदली गेली. बहुतेक साठीच्या पुढची, काही बागेत कामाला आलेले नेपाळी गडी, शाळेची पोरं, आशाताई, पोस्टमन. चौक त्या मंगळवारसाठी बांधायचा. गणपतीतल्या गर्दीच्या मापाने बांधलात तर तो अकरा महिने रिकामा आणि मोठा वाटतो, आणि मोठ्या रिकाम्या जागेत एकट्या माणसाला बसवत नाही. लहान करा, सावलीत करा, एसटी दिसेल असा करा. आमच्या आळीतल्या एका काकूंची मुलं बाहेरगावी असतात. त्या रोज संध्याकाळी साडेपाचला हात असलेल्या बाकावर येऊन बसतात. कोणी यायचं नसतं. गाडीतून कोण उतरतं ते बघतात, उतरलेल्याची चौकशी करतात, आणि दिवे लागले की घरी जातात.